जुन्या विंडोजचे बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही प्रणाली दहा वर्षे आपल्या दुकानांत, पेढ्यांवर आणि घरातल्या टेबलांवर निमूटपणे राबली. सुरक्षेची वाढीव मुदत घेणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवड मिळाली. परंतु दिवाळीच्या तोंडावर देखभाल संपल्याच्या बातम्या वाचून आपल्यापैकी अनेकांनी त्याच सुमारास विंडोज ११ घालून घेतली. नवी प्रणाली आली, पडदा देखणा झाला, आणि काही दिवसांतच सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसू लागली. शोध घेता 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा एक फोल्डर सापडला, त्याचा आकार वीस-पंचवीस जीबी निघाला, आणि डिलीटचे बटण दाबताच संगणकाने परवानगी नाकारली. या अनुभवाची पत्रे या स्तंभाकडे बरीच आली आहेत.

त्यांतील चामटोली येथील एका वाचकबंधूंच्या पत्रात प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला होता: "साहेब, संगणक माझा, बिल माझ्या नावाचे, घरही माझे, मग माझ्याच घरातील फोल्डर काढायला परवानगी कोणाची?" व्यापाऱ्याच्या मनात येणारा हा रास्त प्रश्न आहे. त्याच पत्रात पुढे जाता जाता एक वाक्य आले होते, की मुलाच्या मित्राने नवी विंडोज टाकून दिली आणि टॅलीही पुन्हा टाकून दिले. हे वाक्य त्यांना किरकोळ वाटले असावे. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते. त्याकडे मी लवकरच येतो. आधी परवानगीचा प्रश्न.

विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक मालक असतो, आणि त्यासोबत कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे यांची एक यादी असते. घरच्या संगणकावर आपण 'ॲडमिनिस्ट्रेटर' असतो, त्यामुळे सर्व काही आपल्याच हाती आहे असा समज होतो. प्रत्यक्षात २००७ च्या सुमारास आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रणालीच्या मुख्य फाइलींची मालकी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' या नावाकडे सोपवलेली आहे. हा कोणी माणूस नव्हे. विंडोजचे भाग बसवणारी आणि बदलणारी ती एक अंतर्गत सेवा आहे. कोणा उपद्रवी प्रोग्रॅमने ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळवले तरी त्याला प्रणालीची मुळे सहज उपटता येऊ नयेत, म्हणून ही योजना.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. शाखेचा व्यवस्थापक हा शाखेचा प्रमुख खरा. परंतु रोकड असलेली तिजोरी त्याला एकट्याला उघडता येत नाही. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. ही व्यवस्था व्यवस्थापकावरील अविश्वासातून आलेली नाही. एकाच किल्लीवर सारे अवलंबून असेल, तर ती किल्ली चोरणाऱ्याचे काम सोपे होते, एवढाच त्यामागील विचार. जुनी विंडोज जेव्हा 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये हलवली जाते तेव्हा तिच्यासोबत हे मालकीहक्कही तसेच जातात. घर बदलले तरी सामानावरची कुलुपे तीच राहतात. म्हणून तो फोल्डर आपल्या डिलीटला दाद देत नाही.

आता ते वाक्य. 'विंडोज डॉट ओल्ड' हे एकच नाव दोन अगदी भिन्न परिस्थितींत जन्म घेते, आणि या दोहोंतील फरक न ओळखता फोल्डर पुसणे हाच या प्रकरणातील खरा धोका आहे.

पहिली परिस्थिती अपग्रेडची. चालू असलेल्या विंडोज १० मधूनच विंडोज ११ कडे जाण्याची प्रक्रिया आपण सुरू करतो. या मार्गाने आपली कागदपत्रे, छायाचित्रे आणि बसवलेले प्रोग्रॅम नव्या प्रणालीत आपोआप आणले जातात. मागे जुन्या फोल्डरमध्ये उरते ते मुख्यतः जुन्या प्रणालीचे अवशेष. नवी न रुचल्यास परत फिरता यावे एवढ्यासाठी ते ठेवलेले असतात. परत फिरण्याची मुदत साधारणपणे दहा दिवसांची. २०१६ पूर्वी ती तीस दिवसांची होती, नंतर घटवण्यात आली. मुदत संपली की विंडोज स्वतःच हा फोल्डर काढून टाकते.

दुसरी परिस्थिती नव्याने विंडोज बसवण्याची. येथे संगणक दुरुस्त करणारा पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करतो, 'कस्टम' हा पर्याय निवडतो, आणि डिस्क फॉरमॅट न करता तिच्यावरच नवी विंडोज चढवतो. त्या वेळी पडद्यावर एक सूचना येते, की या भागात पूर्वीच्या विंडोजच्या फाइली असू शकतील व त्या 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये हलवल्या जातील. घाईत ती कोणी वाचत नाही. या मार्गाने जुना 'विंडोज' फोल्डर, जुना 'प्रोग्रॅम फाइल्स' आणि जुना 'यूझर्स' हे तिन्ही उचलून त्या एका फोल्डरमध्ये ठेवले जातात. नव्या विंडोजला आपली काहीच ओळख नसते. आपला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, लग्नकार्याची छायाचित्रे, सारे 'विंडोज डॉट ओल्ड'च्या पोटातील 'यूझर्स'मध्ये असते आणि दुसरीकडे कोठेही नसते.

तेव्हा पहिल्या परिस्थितीत तो फोल्डर म्हणजे रिकाम्या केलेल्या घराच्या भिंती, तर दुसऱ्या परिस्थितीत साऱ्या बिऱ्हाडासह कुलूपबंद केलेले घर. नाव एक, आकारही जवळपास सारखा. ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. नवी विंडोज आल्यावर आपले प्रोग्रॅम जागच्या जागी होते का? डेस्कटॉपवरील चिन्हे पूर्वीसारखीच दिसली का? तसे असेल तर अपग्रेड झाले. छपाईयंत्र पुन्हा जोडावे लागले, ऑफिस पुन्हा घालावे लागले, टॅली पुन्हा टाकावे लागले, तर ती नवी बांधणी होय.

चामटोलीच्या गृहस्थांना मी दूरध्वनी केला आणि एवढेच विचारले, की टॅली उघडल्यावर मागची वर्षे दिसतात का. ते म्हणाले, "चालू वर्ष दिसते साहेब, हिशेबनिसांकडच्या बॅकअपवरून घातले. मागचे कधी लागले नाही, म्हणून पाहिले नाही." मी म्हटले, "शेठ, आज काहीही पुसू नका."

याचे कारण असे. टॅलीप्राइम बसवताना आपण वेगळी जागा सांगितली नाही, तर त्याचा डेटा सी ड्राइव्हवरील 'यूझर्स'मध्ये, त्यातील 'पब्लिक'मध्ये, त्यातील 'टॅलीप्राइम'मध्ये 'डेटा' या नावाखाली ठेवला जातो. आणि 'यूझर्स' हाच तो फोल्डर, जो नव्या बांधणीच्या वेळी जसाच्या तसा 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये जातो. तेथे पाहिल्यास पाच किंवा सहा अंकी नावांचे फोल्डर दिसतात. प्रत्येक अंक म्हणजे आपण टॅलीत उघडलेली एकेक कंपनी, एकेका पेढीची अनेक वर्षांची खतावणी. त्या गृहस्थांच्या जुन्या फोल्डरमध्ये असे तीन फोल्डर निघाले. त्यांतील एक त्यांच्या वडिलांच्या काळातील भागीदारी पेढीचा होता. ज्याला ते वीस जीबीचा कचरा समजत होते त्यात कामाचा भाग जेमतेम दोन जीबीचा होता, परंतु तो दोन जीबी म्हणजे घराण्याचा हिशेब होता.

मागच्या वर्षांचे हिशेब 'कधी लागत नाहीत' हे व्यवहारात खरे असले तरी कायद्यात खरे नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यक्तीने हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. उदाहरणार्थ, आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या विवरणपत्राची देय तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. तेव्हा त्या वर्षाची पुस्तके ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाती असली पाहिजेत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत त्याहूनही लांबू शकते. घरची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे किमान आठ आर्थिक वर्षांची पुस्तके ठेवणे बंधनकारक आहे. संगणकाने परवानगी नाकारली आणि फोल्डर राहिला, तर तो दिवस अडचणीचा वाटतो. परंतु नोटीस आल्यावर ज्याच्यापाशी खतावणी नसते त्याची अडचण फार मोठी असते.

बँकांसाठीही असे नियम आहेत. बँकांनी अभिलेख किती काळ जपावेत यासंबंधी १९८५ चे नियम असून काही नोंदवह्यांसाठी पाच तर काहींसाठी आठ वर्षांची मुदत त्यांत घातलेली आहे. मुदत भरली म्हणून शाखेत कोणी शिपाई उठून गठ्ठे रद्दीत टाकत नसे. आधी यादी होई, न्यायप्रविष्ट प्रकरणांची कागदे बाजूस काढली जात, वरिष्ठांची मंजुरी येई, आणि मगच नाश. त्याचीही नोंद वेगळ्या पुस्तकात. त्या काळी हा सोपस्कार आम्हा तरुण अधिकाऱ्यांना कंटाळवाणा वाटे. घरच्या संगणकावर एवढे करण्याचे कारण नाही, परंतु क्रम तोच असावा: आधी पाहणे, मग काढून घेणे, मग पुसणे.

काढून घेणे म्हणजे काय, तेही सांगतो. 'विंडोज डॉट ओल्ड' उघडावा. उघडताना 'आपल्याला या फोल्डरची परवानगी नाही, पुढे जायचे असल्यास कंटिन्यू दाबा' असा संदेश येईल. तो मान्य केल्यास बहुधा दार उघडते. आत 'यूझर्स', त्यात आपल्या जुन्या नावाचा फोल्डर आणि 'पब्लिक'. यांतील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि टॅलीचा डेटा नव्या ठिकाणी कॉपी करावा. येथे 'कट' न वापरता 'कॉपी'च वापरावी. मध्येच वीज गेली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे अशी अवस्था होत नाही. कॉपी झाल्यावर टॅलीला नवी जागा दाखवून प्रत्येक कंपनी उघडून पाहावी, एखाद्या जुन्या वर्षाचा ताळेबंद पडद्यावर आणावा, शेवटची रक्कम कागदावरील प्रतीशी ताडून पाहावी. फोल्डर जागेवर आला म्हणजे हिशेब आला असे समजू नये.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली बहुतेक मराठी पत्रे, संस्थांची इतिवृत्ते, लग्नपत्रिकांचे मजकूर हे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या संचांतील अक्षरसंचांत टंकलेले आहेत. ते अक्षरसंच जुन्या 'विंडोज' फोल्डरमधील 'फॉन्ट्स' या भागात राहतात. नव्या बांधणीनंतर अशी जुनी फाइल उघडली की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते, आणि मनुष्य फाइल बिघडली असे समजतो. फाइल शाबूत असते. तिची अक्षरे जुन्या घरी राहिलेली असतात. आपण त्या संचाचे अधिकृत धारक असाल तर 'विंडोज डॉट ओल्ड'मधील 'फॉन्ट्स'मधून ती काढून घ्यावीत, किंवा मूळ सीडी सांभाळली असल्यास तिच्यावरून पुन्हा घालावीत. ट्रस्टच्या किंवा सोसायटीच्या वीस वर्षांच्या इतिवृत्तांचे वाचन यावर अवलंबून असते.

काढून घेतलेली प्रत कोठे ठेवावी? अनेक जण ती डी ड्राइव्हवर ठेवतात. सी भरला तरी डी वाचतो, एवढा त्याचा उपयोग आहे आणि तेवढ्यापुरते ते योग्यच; पुढच्या वेळी विंडोज बदलताना डेटा जागचा हलत नाही. परंतु पुष्कळ संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच तिजोरीचे हे दोन कप्पे होत. तिजोरी गेली की दोन्ही गेले. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी आणि ती डिस्क दुकानातील त्याच टेबलाच्या खणात नसावी. आपल्या परिसरातील वाचकांना हे समजावून सांगावे लागू नये. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, चामटोलीच्या परिसरात महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. ज्या पाण्याने रेल्वे थांबली ते तळमजल्यावरील दुकानाच्या खणाची गय करणार नाही. एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा अन्य गावी असलेल्या भावाकडे असावी.

इतके झाल्यावर पुसण्याचे काम फार लहान उरते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून 'सिस्टिम' आणि त्यातील 'स्टोरेज' येथे जावे. तेथे 'टेम्पररी फाइल्स' या नावावर टिचकी मारली की संगणक थोडा वेळ मोजणी करतो आणि यादी दाखवतो. त्या यादीत पूर्वीच्या विंडोजचा उल्लेख 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' असा येतो. त्यावर खूण करावी. इतर खुणा, विशेषतः 'डाउनलोड्स'ची, काढून टाकावी, कारण वाचून पाहिलेले नसताना डाउनलोड्समधील बिले आणि बँकेची विवरणपत्रे त्यासोबत जातात. मग 'रिमूव्ह फाइल्स' दाबावे. ज्यांना जुनी पद्धत सवयीची आहे त्यांनी 'डिस्क क्लीनअप' उघडून त्यातील 'क्लीनअप सिस्टिम फाइल्स' हे बटण वापरावे. ते न दाबता मुख्य खिडकीतच शोधल्यास जुन्या विंडोजचे नाव दिसत नाही आणि लोक बुचकळ्यात पडतात. दोन्ही मार्गांत काम ट्रस्टेडइन्स्टॉलरच्या घरच्याच माणसांकडून होते, म्हणून परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याने कुलूप लावले त्यालाच उघडायला सांगणे, एवढेच आपण करतो.

या मार्गाने गेलेले रिसायकल बिनमध्ये जात नाही. संगणकात एसएसडी असेल तर पुसलेली जागा डिस्क स्वतःच लवकर साफ करून टाकते, त्यामुळे नंतर पैसे मोजून तज्ज्ञाकडे गेले तरी परत मिळण्याची आशा फारशी नसते. जुन्या फिरत्या डिस्कच्या काळातील 'पुसले तरी निघते' हा विश्वास आता सोडून द्यावा. ज्यांनी नुकतेच अपग्रेड केले आहे आणि नव्या विंडोजबद्दल अजून मन साशंक आहे, त्यांनी दहा दिवस फोल्डरला हात लावू नये. ही मुदत संपण्याआधी एका आज्ञेने ती साठ दिवसांपर्यंत वाढवताही येते, पण ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.

काही वेळा सरळ मार्ग पुरेसा ठरत नाही. नेहमीचे उदाहरण म्हणजे जुन्या संगणकातून काढलेली डिस्क नव्या संगणकाला जोडणे. तिच्यावरील 'विंडोज' फोल्डर आजच्या विंडोजच्या दृष्टीने 'पूर्वीची स्थापना' नसतोच, त्यामुळे स्टोरेजच्या यादीत तो येत नाही. आणि हाताने पुसू गेल्यास पुन्हा परवानगी नाकारली जाते. नाव तेच, पासवर्ड तोच, तरीही नकार, याचे अनेकांना नवल वाटते. विंडोज नावाकडे पाहत नाही. प्रत्येक खात्याला ती बांधणीच्या वेळी एक लांबलचक क्रमांक देते आणि मालकीची नोंद त्या क्रमांकावर ठेवते. नव्या विंडोजमध्ये आपण त्याच नावाचे खाते उघडले तरी क्रमांक निराळा असतो. फोल्डरच्या गुणधर्मांत 'अननोन अकाउंट' असे दिसते ते यामुळे. दुसऱ्या शाखेत जाऊन "मी तोच आहे" असे सांगितले तरी नमुना सही त्या शाखेत नसेल तर कारकून धनादेश वटवत नाही; येथेही तसेच.

अशा डिस्कवरून हवे ते काढून घेतल्यावर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे तो भाग फॉरमॅट करणे. तिच्यावर इतर काही ठेवायचेच असेल तर त्या एका फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन 'सिक्युरिटी', 'ॲडव्हान्स्ड' आणि 'ओनर' या क्रमाने मालकी आपल्या खात्याकडे घ्यावी, आतील सर्व फोल्डरांनाही तीच लागू करण्याच्या चौकटीत खूण करावी, मग स्वतःस पूर्ण अधिकार द्यावेत आणि पुसावे. जाणकार हेच काम काळ्या पडद्यावर तीन आज्ञांनी करतात: मालकी घेणारी 'टेकओन', अधिकार देणारी 'आय-सी-ए-सी-एल-एस' आणि फोल्डर काढणारी 'आरडी'. त्यांचे तपशील प्रत्येक आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह लिहून पाहता येतात. या आज्ञा चूक विचारत नाहीत. सांगितलेले फोल्डरचे नाव बरोबर मानून चालू लागतात. जुन्या विंडोजच्या पोटात काही फोल्डर तर खरे फोल्डर नसून नुसते दुवे असतात, आणि त्यांतील काही आजच्या चालू सी ड्राइव्हवरील 'यूझर्स'कडे बोट दाखवतात. त्यामुळे कोणाच्या सांगण्यावरून संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी घेण्याचा उद्योग कधीही करू नये. चालत्या विंडोजची कुलुपे तोडून मिळवलेला अधिकार पुढच्याच अपडेटला महागात पडतो.

फाइल 'वापरात आहे' म्हणून पुसली जात नसेल तर प्रकरण निराळे. तेथे मालकी नडत नाही, कोणता तरी प्रोग्रॅम ती फाइल धरून बसलेला असतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यास निम्मी प्रकरणे तेथेच मिटतात. उरलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्याच 'पॉवरटॉइज' या मोफत संचात २०२२ पासून 'फाइल लॉकस्मिथ' नावाचे साधन आहे. फाइल कोणी धरली आहे ते ते नावानिशी सांगते. 'हट्टी फोल्डर एका टिचकीत काढा' म्हणणारी इतर फुकट साधने मी वापरत नाही आणि इतरांनाही सुचवत नाही. त्यांना आपण संगणकाचे सर्वोच्च अधिकार देतो, आणि ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात तेथे अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देण्यासारखे ते आहे.

आता जे उरलेसुरले दिसते पण पुसायचे नाही, त्याविषयी. सी ड्राइव्हवर डॉलरचे चिन्ह आणि 'बीटी' किंवा 'डब्ल्यूएस' अशी अक्षरे नावात असलेले लपलेले फोल्डर विंडोज बदलण्याच्या तयारीचे असतात. तेही वरच्याच यादीतून जातात, त्यांची काळजी नको. परंतु 'विंडोज' फोल्डरच्या आत 'विनएसएक्सएस' नावाचा मोठा भाग आहे, त्याचा आकार पाहून अनेकांची बोटे शिवशिवतात. त्याचा दिसणारा आकार फसवा असतो. एकच फाइल दोन ठिकाणी नोंदलेली असते आणि मोजणारा ती दोनदा मोजतो. रोजमेळातील नोंद खतावणीतही दिसते म्हणून कोणी दोनदा पैसे गेले असे मानत नाही, तसेच हे. त्याच्याशेजारचा लपलेला 'इन्स्टॉलर' फोल्डरही तसाच. तो रिकामा केल्यास ऑफिससारखे प्रोग्रॅम पुढे ना सुधारता येतात, ना काढता.

शेवटी 'आयनेटपब'. एप्रिल २०२५ च्या अपडेटनंतर पुष्कळ संगणकांच्या सी ड्राइव्हवर या नावाचा एक फोल्डर अचानक अवतरला. मूळचा तो संकेतस्थळे चालवणाऱ्या 'आयआयएस' या सेवेचा. ती आपल्या घरच्या संगणकावर कोणी वापरत नाही, आणि फोल्डर तर पूर्ण रिकामा. त्यामुळे कोणीतरी विसरून गेलेली वस्तू समजून अनेकांनी तो काढून टाकला, आणि हा मुळीच हट्टी नसल्याने तो लगेच गेलाही. नंतर मायक्रोसॉफ्टने खुलासा केला, की अधिकार चोरण्याची एक पळवाट बंद करण्यासाठी तो रिकामा फोल्डर मुद्दाम, विशिष्ट मालकीसह ठेवला आहे. ती सेवा चालू असो वा नसो, तो पुसू नये. ज्यांनी तो काढला असेल त्यांनी त्याच नावाचा नवा फोल्डर हाताने तयार करू नये, कारण त्याची मालकी आपल्याकडे येईल आणि उपयोग होणार नाही. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' ही खिडकी उघडून 'इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस'वर खूण करावी आणि 'ओके' दाबावे. फोल्डर योग्य मालकीसह परत तयार होतो. त्यानंतर ती खूण काढून सेवा पुन्हा बंद करावी. फोल्डर मागे राहील, तो तसाच राहू द्यावा.